निकालाचा ताळेबंद

दहावीचा निकाल लागला की दोन-चार दिवसांत चौकाचौकांत फलक उभे राहतात. शाळेचे नाव, मुलामुलींची छायाचित्रे, प्रत्येकाखाली टक्केवारी आणि सर्वांत वर ठळक अक्षरांत ‘निकाल १०० टक्के’. दुकान उघडायला निघालेला व्यापारी हा फलक वाचतो आणि आपल्या मुलासाठी शाळा कोणती, हे मनाशी जवळजवळ ठरवून टाकतो. एरवी नमुना हातात घेऊन पारखल्याशिवाय सौदा न करणारा हा गृहस्थ येथे मात्र वेष्टनावरील अक्षरांवर विश्वास ठेवतो.

टक्केवारी हा आकडा दिसतो तितका स्थिर नाही. राज्य मंडळाच्या दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर घसरला आणि २०२० मध्ये ९५.३० टक्क्यांवर पोहोचला. मुले एका वर्षी मंद आणि पुढच्या वर्षी कुशाग्र झाली, असे अर्थातच घडले नव्हते. २०१९ मध्ये अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा विषयांतील अंतर्गत मूल्यमापनाचे गुण काढून टाकण्यात आले होते. पुढच्या वर्षी ते पुन्हा सुरू झाले. शिवाय करोनामुळे भूगोलाची परीक्षा रद्द होऊन त्या विषयाचे गुण सरासरीने दिले गेले. २०२१ मध्ये लेखी परीक्षा झालीच नाही आणि निकाल ९९.९५ टक्के लागला. वखारीतील माल तोच राहिला आणि मूल्यांकनाची पद्धत बदलली, तरी ताळेबंदातील नफा बदलतो, हे व्यापारी कुटुंबाला निराळे सांगावे लागत नाही.

शाळेच्या शंभर टक्क्यांचीही अशीच तपासणी व्हायला हवी. ही टक्केवारी काढताना छेदस्थानी असतात ते शाळेतर्फे परीक्षेला बसलेले विद्यार्थी. बसणारेच निवडून घेतले, की निकाल आपोआप उजळतो. म्हणून काही शाळांत नववीतच चाळणी लागते. कच्च्या मुलाच्या पालकांना बोलावून ‘याचा सतरा नंबरचा फॉर्म भरा’ असा सल्ला दिला जातो. शिक्षण सुटलेल्यांना खासगीरीत्या परीक्षेला बसता यावे, यासाठी ही सोय आहे. नोकरी करणाऱ्या तरुणाला किंवा लवकर लग्न झालेल्या मुलीला तिचा मोठाच आधार वाटतो. परंतु ज्याला शिक्षकाची सर्वाधिक गरज आहे, त्यालाच वर्गाबाहेर काढण्यासाठी ती वापरली जाते, तेव्हा सोयीची शिक्षा होते. असा मुलगा कदाचित उत्तीर्णही होतो. फलकावर मात्र त्याचे नाव नसते आणि तो नसल्यामुळेच फलकावरचे शंभर टक्के खरे ठरतात.

बँकिंगच्या जगाला हा प्रकार परिचित आहे. शाखेचे यश ३१ मार्चच्या ठेवींवरून मोजले जाऊ लागले, की मार्चअखेर ठेवी फुगतात आणि एप्रिल उजाडताच ओसरतात. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणासंबंधी मांडलेला विचार पुढे ‘गुडहार्टचा नियम’ म्हणून प्रसिद्ध झाला. मोजमाप हेच उद्दिष्ट बनले, की ते चांगले मोजमाप राहत नाही, असा त्याचा आशय आहे.

इंग्लंडच्या शाळांनी याचा अनुभव घेतला. तेथे माध्यमिक शाळांच्या निकालांची तुलनात्मक कोष्टके १९९२ पासून प्रसिद्ध होऊ लागली. बराच काळ पाच विषयांत ‘सी’ किंवा त्याहून वरची श्रेणी मिळवणारे विद्यार्थी किती, हा त्यांतील प्रमुख निकष होता. परिणामी ‘सी’ आणि ‘डी’ यांच्या उंबरठ्यावरील मुलांकडे शाळांचे लक्ष एकवटू लागले. फार मागे असलेल्या मुलांवर श्रम घेऊन कोष्टकात काही फरक पडत नव्हता. २०१६ मध्ये ‘प्रोग्रेस ८’ हा निकष आला. प्राथमिक शाळेच्या अखेरीस मूल जेथे होते, तेथून सोळाव्या वर्षापर्यंत ते त्याच पातळीच्या इतर मुलांच्या तुलनेत किती पुढे गेले, हे तो पाहतो. हाही निर्दोष नाही. पण प्रश्न योग्य आहे. भांडवल किती होते आणि त्यावर वाढ किती झाली? नव्वद टक्क्यांची मुले निवडून घेऊन नव्वद टक्केच दाखवणाऱ्या शाळेने केवळ मुद्दल राखले. चाळीसच्या मुलाला साठवर नेणाऱ्या शाळेने खरा व्यवहार केला; मात्र तिचा फलक चौकात लागत नाही.

तेव्हा शाळा निवडताना पालकांनी दोन-तीन साधे प्रश्न विचारावेत. आठवीत किती मुले होती आणि त्यांतील किती याच शाळेतून दहावीला बसली? नववीत मागे पडलेल्यांसाठी शाळा काय करते? जुने शिक्षक टिकतात का? उत्तर देताना मुख्याध्यापक अडखळले, तर तेही एक उत्तरच असते.

दुसरा हिशेब घरचा आहे. समाजाच्या गुणगौरव समारंभात नव्वदच्या पुढचे विद्यार्थी व्यासपीठावर जातात, टाळ्या वाजतात, आणि बासष्ट टक्के मिळवलेला मुलगा आईशेजारी मान खाली घालून बसतो. संध्याकाळी तो दुकानात वडिलांच्या हाताखाली उभा राहतो, गिऱ्हाईक ओळखतो, उधारीचा हिशेब बिनचूक सांगतो. त्याचे गुण कोणत्याही गुणपत्रिकेत नाहीत. निकालानंतर काही आठवड्यांतच मंडळ पुरवणी परीक्षा घेते. एकदा नापास झाल्यावर पुन्हा अभ्यासाला बसून त्या परीक्षेत उत्तीर्ण होणारी मुले प्रत्येक गावात असतात. पुढच्या समारंभात त्यांच्यासाठीही एक रांग राखून ठेवायला मंडळांना वेगळा खर्च येणार नाही.