आधी तपासणी, मग चढणी
— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग

सभासद बंधूंनो,

बेणे, लागण, खते यांवर आपण नेहमी बोलतो. आजचा विषय वेगळा, पण तुमच्या बांधावरचाच आहे.

पावसाळ्याच्या तोंडी माळशेज घाट उतरून कल्याणकडे निघालो होतो. टोकावड्याला चहाला थांबलो. रस्त्याकडेला विजेच्या कामाची गाडी उभी होती. ट्रकवर लांब लोखंडी हात आणि टोकाला माणूस उभा राहील एवढी बादली. भोवतालची मंडळी म्हणत होती, "अहो, मोटारी बंद पडल्यात, चढा की वर!" चालक काही हलेना. जमीन ओली होती. त्याने चारही जॅकखाली जाड फळ्या घातल्या, रिकामी बादली वर-खाली करून पाहिली आणि मगच माणूस चढविला. पंधरा मिनिटे गेली, एवढेच. मला मात्र आपलाच शिवार आठवला. लाईट गेली की वायरमनच्या पाठीस लागणारे आपणच ना?

याच मुलखात, शहापूर तालुक्यातील सरलांबे येथे, समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसविण्याचे अवजड यंत्र १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे कोसळले. २० माणसे गेली. ते यंत्र निराळे. पण उंचावरच्या कामात चुकीला माफी नाही, हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले.

बादलीच्या गाडीला इंग्रजीत 'चेरी पिकर' म्हणतात, कारण फळबागेत फळे तोडायला अशी यंत्रे वापरात आली. म्हणजे नाते शेतीशीच आहे. रोज काम सुरू करण्यापूर्वी तिचे एवढे पाहावे:

१) जॅक पूर्ण बाहेर व घट्ट टेकलेले हवेत. काळ्या रानात, चारीच्या काठावर किंवा नुकत्याच भरलेल्या चरावर गाडी लावू नये.

२) हायड्रॉलिकचे पाईप व सिलिंडर गळतात का? गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरावा. बारीक छिद्रातून दाबाने उडालेले तेल कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक दवाखाना गाठावा.

३) पिना, बोल्ट, वेल्डिंगचे सांधे पाहावेत. तडा दिसला की गाडी बंद.

४) खालून बादली उतरविण्याची सोय चालू आहे का, ते चालवूनच पाहावे.

५) वरच्या माणसाचा पट्टा बादलीतील ठरलेल्या कडीलाच अडकवावा. ठरल्यापेक्षा जास्त वजन नको.

६) लाईन बंद करून, अर्थिंग केल्याशिवाय तारेजवळ जाऊ नये. अमेरिकेच्या नियमांत ५० हजार व्होल्टपर्यंतच्या चालू तारेपासून यंत्र किमान १० फूट दूर ठेवण्यास सांगितले आहे. आपल्या शिवारावरून ११ हजार व्होल्टची लाईन जाते, हे ध्यानात असू द्या.

ही झाली रोजची नजर. शिवाय जाणकाराची तपासणी वेगळी. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २९ व्या कलमाने उचलण्याच्या यंत्रांची १२ महिन्यांतून निदान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी व तिची नोंद सक्तीची केली होती. यार्डातले दिवे, शेडचे पत्रे यांसाठी भाड्याची गाडी आली, तरी तो कागद आधी मागावा.

बंधूंनो, उसाला पाणी चार तास उशिरा मिळाले तर ऊस वाळत नाही. बादलीतला माणूसही कोणाच्या तरी घरचा कर्ता असतो. त्याला पंधरा मिनिटे द्या. घाई करू नका, आणि शेजाऱ्यालाही करू देऊ नका.