मांजराचा आवाज: कुणाचा मोठा, कुणाचा बारीक

एकाच घरात दोन मांजरं असतात. एकाचं म्यांव गल्लीभर ऐकू जातं, दुसरं नुसतं तोंड उघडतं. असं का? पिल्लं आईला हाक मारायला म्यांव करतात; मोठी मांजरं एकमेकांशी तसं फारसं बोलत नाहीत. मोठेपणीचं म्यांव मुख्यतः माणसासाठी. ओरडल्यावर वाटी भरते, हे मांजर बरोबर लक्षात ठेवतं. सयामी जात मुळातच बडबडी. बहिऱ्या मांजराला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून तेही मोठ्यानं ओरडतं.

घुरघुर स्वरयंत्रातून येते, श्वास घेताना आणि सोडतानाही. सेकंदाला साधारण २५ ते ३० कंपनं. काहींची घुरघुर अंगावर हात ठेवल्यावरच कळते. इंग्लंडमधल्या टॉर्की गावच्या मर्लिन या मांजराची मात्र २०१५ साली ६७.८ डेसिबल भरली, म्हणजे आपल्या बोलण्याइतकी!

पण बारीक आवाज म्हणजे माया कमी, असं नाही. आणि घुरघुर म्हणजे सुखच, असंही नाही. दुखत असतानाही मांजर घुरघुरतं. त्यामुळे दुसऱ्याच्या मांजराशी तुलना नको, आपल्याच मांजराचा नेहमीचा आवाज ओळखून ठेवा. तो एकाएकी बसला, किंवा म्हातारं मांजर रात्री ओरडू लागलं, तर जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. थायरॉइड वाढल्यानंही असं होतं.