चार ट्रॅक, दोन कान आणि मधल्यामध्ये हरवलेला आवाज

जपानच्या टीअ‍ॅक कंपनीने १९७९ साली ‘पोर्टास्टुडिओ १४४’ बाजारात आणला आणि साध्या कॅसेटवर चार ट्रॅक वेगवेगळे भरण्याची सोय घरात आली. पुढे टॅस्कॅम, फोस्टेक्स, यामाहा यांची बरीच मॉडेलं निघाली. त्यातली कित्येक यंत्रं आता माळ्यावरून खाली उतरवली जातात, कारण जुन्या टेपा संगणकात घ्यायच्या असतात. आणि मग गाडी मिक्सडाउनपाशी, म्हणजे चार ट्रॅक डाव्या-उजव्या दोन चॅनेलांत एकत्र करण्यापाशी, अडते. आवाज एकाच कानात येतो, नाहीतर सगळं मोनो होतं, नाहीतर गाणाराच गायब होतो. पहिला संशय टेपवर जातो, दुसरा हेडवर. माझा अनुभव असा की टेप बहुतेक वेळा निर्दोष असते. घोळ तिच्या पुढच्या वाटेवर होतो, म्हणजे बटणांत, पिनांत आणि वायरींत.

मूळ गैरसमज हा की चार ट्रॅक भरले म्हणजे स्टिरिओ आपोआप तयार झालं. तसं नाही. या यंत्रावरचा प्रत्येक ट्रॅक मोनोच असतो. डावं-उजवं ठरतं ते मिक्सडाउनच्या वेळी, पॅनच्या बटणाने. म्हणून ती कॅसेट साध्या डेकमध्ये घालून काही उपयोग होत नाही. कॅसेटची पट्टी ३.८१ मिलिमीटर रुंद असते. साधा डेक तिच्यावरचे दोन ट्रॅक एका बाजूला आणि दोन दुसऱ्या बाजूला वाचतो, तर चार ट्रॅकचं यंत्र चारही एकाच दिशेने भरतं. साध्या डेकवर ‘ए’ बाजूला पहिले दोन ट्रॅक ऐकू येतात आणि कॅसेट उलटली की उरलेले दोन उलटे वाजतात. त्यात अनेक मॉडेलं सेकंदाला ४.७६ ऐवजी ९.५ सेंटिमीटर वेगाने चालतात, म्हणजे साध्या डेकवर सगळं अर्ध्या गतीने, एक सप्तक खाली. ‘टेप खराब झाली’ म्हणून फेकल्या गेलेल्या कॅसेटांपैकी काही अशाच गेल्या असतील, याचं वाईट वाटतं.

पॅनच्या बाबतीत एक खोड लक्षात ठेवावी. टॅस्कॅमच्या अनेक मॉडेलांत रेकॉर्डिंग करताना पॅन डावीकडे फिरवला की आवाज १ आणि ३ कडे जातो, उजवीकडे फिरवला की २ आणि ४ कडे. काम झाल्यावर बटणं तशीच टोकाला राहतात. मिक्सडाउनला बसल्यावर गाणं डाव्या कानात आणि गिटार उजव्या कानात मिळते, आणि यंत्राचा एक चॅनेल गेला असं वाटतं. चारही पॅन मध्यावर आणावेत आणि तिथून नव्याने मांडणी करावी. चॅनेलचे इनपुट खटके टेपवर आहेत ना, आणि रेकॉर्डचे सगळे खटके बंद आहेत ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावं.

‘हेडफोनमध्ये तर सगळं ऐकू येतंय, म्हणजे आउटपुट गेलं,’ हाही हमखास निघणारा निष्कर्ष. हेडफोनला काय ऐकवायचं हे मॉनिटरचा खटका ठरवतो. तो ‘टेप क्यू’वर असेल तर तुम्ही टेप थेट ऐकत असता. जुन्या ट्रॅकवर नवा ट्रॅक चढवताना कानाला आधार असावा म्हणून दिलेली ही वेगळी सोय आहे. बऱ्याच मॉडेलांत ती मोनो असते आणि सहसा लाइन आउटकडे जातच नाही. फेडर खाली असले तरी तिथे गाणं वाजत राहतं. मॉनिटर डाव्या-उजव्या मुख्य मिक्सवर आणून ऐकावं. तिथे स्टिरिओ नीट असेल तर यंत्र ठीक आहे, पुढची वायर तपासायला घ्यावी.

वायरींमुळे होणारा सर्वांत फसवा बिघाड म्हणजे गाणारा गायब होणं. मांडणी अशी समजा: गायकाचा आवाज आणि बास मध्यावर, दोन गिटारी दोन टोकांना. हेडफोनच्या भोकातून स्टिरिओ जॅकची वायर काढून ती संगणकाच्या ऑडिओ इंटरफेसच्या एकाच मोठ्या भोकात घातली, तर ते भोक तिला स्टिरिओ वायर समजत नाही. ते बॅलन्स्ड इनपुट असतं आणि पिनेच्या टोकावरच्या सिग्नलमधून मधल्या कड्यावरचा सिग्नल वजा करतं. टोकावर डावा चॅनेल असतो, कड्यावर उजवा. मध्यावर ठेवलेला आवाज दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे वजाबाकी शून्य येते. गिटारी राहतात, बास जातो. गायकाला स्टिरिओ रिव्हर्ब दिला असेल तर फक्त त्याचा घुमारा लांबून ऐकू येतो. हे ऐकून हेड बदलायला निघालेल्यांना मी कळकळीने सांगेन, थांबा. लाइन आउटच्या डाव्या आणि उजव्या पिनांतून दोन स्वतंत्र मोनो वायरी काढा, दोन वेगळ्या इनपुटांत घाला, आणि सॉफ्टवेअरमध्ये पहिलं इनपुट पूर्ण डावीकडे, दुसरं पूर्ण उजवीकडे ठेवा. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत अशा वायरी सहज मिळतात. लॅपटॉपचं माइकचं भोक मात्र टाळावं. ते बहुधा मोनोच असतं, आणि लाइनचा सिग्नल त्याला झेपत नाही.

एकच बाजू मुकी असेल तर अंदाज बांधत बसू नये. यंत्राच्या टोकाकडच्या दोन पिनांची अदलाबदल करावी, दुसरं टोक तसंच ठेवावं. मुकेपणा दुसऱ्या बाजूला सरकला तर यंत्राचं आउटपुट दोषी. जिथल्या तिथे राहिला तर वायर किंवा पुढचं इनपुट.

आवाज बारीक येतो म्हणून यंत्र कमजोर झालं असं नाही. घरगुती यंत्रांची लाइन पातळी उणे १० डीबीव्ही असते, स्टुडिओतल्या उपकरणांची अधिक ४ डीबीयू. दोन्हींत जवळजवळ १२ डेसिबलचा फरक पडतो. तो इनपुटच्या गेनने भरून काढायचा असतो.

नॉइज रिडक्शनबद्दलचा समज जास्त नुकसान करतो. सूंऽऽ असा आवाज येतो म्हणून डीबीएक्स लावायचं आणि आवाज कोंदट वाटला की काढायचं, असं ते चालवता येत नाही. भरताना ते सिग्नल दाबतं, वाजवताना तितकाच पसरवतं. ज्या पद्धतीने टेप भरली त्याच पद्धतीने वाजवायला हवी. डीबीएक्सने भरलेली टेप त्याशिवाय वाजवली की आवाज कर्कश आणि सपाट होतो. डॉल्बीची टेप डॉल्बीवरच वाजवावी. मिक्स जर दुसऱ्या कॅसेट डेकवर घेत असाल तर त्या डेकची डॉल्बी हा स्वतंत्र विषय आहे. तिचा मूळ टेपेशी संबंध नाही.

बाउन्सिंगबद्दल थोडक्यात. तीन ट्रॅक चौथ्यावर एकत्र केले की ते एकच मोनो ट्रॅक होतात. पुढे त्यांतली गिटार डावीकडे आणि ढोल उजवीकडे नेता येत नाही. स्टिरिओ हवं असेल तर दोन ट्रॅकवर बाउन्स करावं.

मिक्स घ्यायला महागडं यंत्रच लागतं, हेही खरं नाही. ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२च्या जानेवारीत न्यू जर्सीतल्या घरी पोर्टास्टुडिओ १४४ वर गाणी भरली आणि त्यांचं मिक्स पॅनासॉनिकच्या बूमबॉक्सवर घेतलं. त्याच कॅसेटवरून त्या वर्षी ‘नेब्रास्का’ हा अल्बम निघाला. त्या कॅसेटवरून ध्वनिमुद्रिका कापताना तंत्रज्ञांना बराच त्रास झाला, हेही तितकंच खरं. त्यामुळे संगणकात घ्यायची सोय असेल तर बूमबॉक्सच्या मागे लागू नये.

हेडकडे वळायचं ते हे सगळं तपासून झाल्यावर. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी घेऊन हेड, कॅपस्टन पुसून घ्यावेत. तरीही चारही ट्रॅकांचा वरचा पट्टा मंद वाटला आणि टेप दुसऱ्या यंत्रावर भरलेली असली, तर हेडचा कोन, म्हणजे अ‍ॅझिमथ, जुळत नसेल. तो स्क्रू ओळखीच्या कारागिराकडूनच फिरवून घ्यावा.

आणि मिक्सडाउनला बसण्यापूर्वी कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे तोडून टाकावेत. एकच तोडला तर साध्या डेकवर दुसऱ्या बाजूने चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं जाऊ शकतं, आणि त्या बाजूला तुमचा तिसरा आणि चौथा ट्रॅक असतो. मिक्स बिघडला तरी मूळ चार ट्रॅक टेपवर तसेच राहतात. नवा मिक्स कितीदाही घेता येतो.