वाळवणाची शाळा

होळी होऊन गेली, उन्हे तापू लागली, की मराठी घरांच्या अंगणात खाटा मांडल्या जातात आणि त्यांवर धुतलेली धोतरे, लुगडी पसरली जातात. वर्षाच्या बेगमीचे हे दिवस. आदिलाबाद जिल्ह्यातील बाजारहत्नूरकडे वैशाखाचे ऊन मोठे कडक. या जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. वाळवणाला असे ऊन लाभणे हे भाग्यच!

१९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे भाग मराठी मुलखाला जोडले गेले. बाजारहत्नूर आंध्र प्रदेशात राहिले. २०१४ पासून ते तेलंगणात आहे. सरहद्द बदलली, तरी येथील कित्येक घरांत मराठी टिकून राहिली. या घरांतल्या मुलींना चीक, लाटी, खार, सांडगा हे शब्द तेलुगू वा इंग्रजी पाठ्यपुस्तकांत कसे भेटणार? ते आईजवळ बसूनच शिकावे लागतात, आणि शब्दांबरोबर कामही.

कुरडईचेच पाहा. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, चौथ्या दिवशी वाटून चीक गाळून घ्यायचा. चीक खाली बसला, की वरचे पाणी हलक्या हाताने ओतून टाकायचे. मग आधणात मीठ-हिंग घालून चीक शिजवायचा. तो कधी शिजला? पांढरेपणा जाऊन त्याला काचेसारखी झाक येते तेव्हा. ही झाक आई मुलीला पातेल्यापाशी उभी करूनच दाखवते. पहिला चीक वाटीत घेऊन, वर तेल घालून मुलांनी खायचा, हीच त्या दिवसाची दक्षिणा. मग सोऱ्या हाती येतो, आणि धाकटीच्या वाट्याला कावळे हाकण्याचे काम!

लोणच्याच्या वेळी आईचा दरारा अधिक. कैऱ्या धुऊन, पुसून कोरड्या करायच्या. बरणी उन्हात तापवायची. ओला हात वा चमचा लावायचा नाही. मुलींना हा जाच वाटतो. पण त्यामागे शास्त्र आहे. बुरशीला वाढण्यास पाणी लागते. मीठ फोडींतले पाणी ओढून घेते, कैरीची आंबटाई व मोहरीचा झणका जंतूंना आवरतात, आणि वर तरंगणारे तेल हवा अडवते. म्हणून किलोभर फोडींना दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ लागते, आणि फोडी बुडतील इतके तेल, तेही तापवून पूर्ण निवलेले. ‘मीठ कमी केले तर चालेल का?’ या मुलीच्या प्रश्नाला आईने ‘आमच्यात असेच करतात’ एवढेच उत्तर देऊ नये. कारण कळले, की शिकलेले विसरत नाही.

या मुलखात शेजारही शिकवतो. मोहरीची डाळ, मेथी, हिंग व हळद घातलेल्या आपल्या लोणच्याशेजारी फडताळात तेलुगू आवकायचीही बरणी बसते. आव म्हणजे मोहरी, काय म्हणजे कच्चे फळ. कोयीच्या कवचासकट फोडी, मोहरीची पूड, लाल तिखट व तिळाचे तेल हा तिचा थाट. दोन्ही लोणची घालता येणारी मुलगी दोन्ही घरांची लेक होते.

या विद्येचे मोल घरापुरतेच नाही. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला. त्यातून ‘लिज्जत’चा विस्तार झाला आणि हजारो स्त्रियांना रोजगार मिळाला. त्यांच्या भांडवलात घरी शिकलेले लाटणेही होतेच.

आज ‘तू अभ्यास कर, पापड विकत मिळतो’ असे अनेक माता म्हणतात, आणि त्यात मायाच असते. परीक्षेच्या दिवसांत मुलीला वाळवणास जुंपावे, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु दर उन्हाळ्यात एक पदार्थ तरी तिच्या हातून करवून घ्यावा. आपल्या मुठीचे व वाटीचे माप एकदा तोलून, मराठीत तिच्याच वहीत उतरवून द्यावे. घरात मुलगा असेल तर त्यालाही सोऱ्या फिरवू द्यावा. त्याचे मनगट उगीच बसून का राहावे? आईच्या हाताचा अंदाज वेळीच वहीत उतरला नाही, तर पुढे तो विचारायचा कोणाला?