अवर लेडी ऑफ सॅल्व्हेशन चर्च, दादर

अवर लेडी ऑफ सॅल्व्हेशन चर्च हे मुंबईतील दादर (पश्चिम) येथील रोमन कॅथलिक चर्च असून ते 'पोर्तुगीज चर्च' या नावाने प्रसिद्ध आहे. पोर्तुगीज राजवटीत, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी त्याची स्थापना केली. सध्याची वास्तू मात्र आधुनिक असून, वास्तुविशारद चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांच्या आराखड्यानुसार ती १९७० च्या दशकात बांधली गेली.

वास्तुरचना

युरोपीय चर्चमधील लांबट सभागृह व टोकदार कमानी येथे आढळत नाहीत. छताखालील दालने आणि उघडी अंगणे एकमेकांत गुंफलेली आहेत. अहमदाबाद येथील गांधी स्मारक संग्रहालयातही (१९६३) कोरिया यांनी बांधीव व मोकळ्या जागांचा असाच मेळ घातला होता.

मुख्य दालनांवर काँक्रीटची शंकूसारखी उंच कवचे आहेत. अंगणांतून आलेला वारा दालनांत खेळतो. तापलेली हवा वर चढून कवचांच्या माथ्यातून बाहेर पडते. माथ्यावरील काचांतून प्रकाश खाली उतरतो. या काचा चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांनी रंगविल्या आहेत.

परिणामी, 'पोर्तुगीज' हे नाव कायम राहिले असले, तरी वास्तूचे रूप मुंबईच्या उष्ण व दमट हवामानातून घडले आहे.