तांब्याच्या खाणीचा इतिहास कोणाच्या तोंडून ऐकायचा?

अर्नाळा किल्ल्याच्या दरवाजावर हत्ती कोरलेत आणि वर शिलालेख आहे. त्यात बाजीराव सापडतो, दगड घडवणारे पाथरवट नाहीत. तरी निदान त्यांची भिंत उभी आहे. भूमिगत खाणीचं तेवढंही उरत नाही. काम थांबून पंप बंद झाले की पाणी चढतं आणि बोगदे बुडतात. मागे राहतात टनांचे हिशेब आणि माणसांच्या आठवणी. म्हणून या आठवणी हळवेपणा म्हणून नव्हे, कागदपत्रांच्या बरोबरीचा पुरावा म्हणून नोंदवायला हव्यात, असं माझं मत आहे. गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यातलं मलाजखंड घ्या. १९८२पासून हिंदुस्थान कॉपरची ही खाण उघडी होती, आता तिथलं काम जमिनीखाली सरकलंय. म्हणजे एका पिढीचं कसब बदलतंय, आणि ते ऐकायची वेळ हीच आहे.

कुणी म्हणेल, आठवणी चुकतात. चुकतात, तारखांत तर हमखास. पण खाणीच्या छताला पहार ठोकल्यावर खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर दगड सुटलाय, हे ओळखणारे कान कसे तयार होतात ते हिशेबाच्या वहीत कुठून येणार? राजस्थानातल्या कोलिहान खाणीत १४ मे २०२४ला लिफ्ट कोसळली; १४ जण वाचले, एक दगावला. अहवालात आकडे येतात. त्या रात्री वसाहतीत चुली पेटल्या का, हे तिथल्या बायकाच सांगू शकतील. माणसं समुद्रावर असताना वादळाच्या रात्री आपल्या कोळीवाड्यात तरी याहून वेगळं काय असतं?