आपला सर्व्हर, बाहेरची वाट: व्हीपीएन आणि पोर्ट फॉरवर्डिंगबद्दलचे गैरसमज

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या अनेक गावांनी तो मिळवला. हक्काबरोबर दफ्तरही वाढलं: वनहद्दीचे नकाशे, बांबू-तेंदूपत्त्याचे हिशेब, मजुरीच्या याद्या, ग्रामसभेचे ठराव. हे सारं गावातल्याच कॉम्प्युटरवर राहावं आणि लागेल तेव्हा गडचिरोलीहून किंवा नागपूरहून उघडता यावं, ही इच्छा रास्त आहे. त्यासाठी पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली विनंती आतल्या कॉम्प्युटरपर्यंत पोचवणं) देणारा व्हीपीएन घ्या, असा सल्ला मिळतो. सल्ला चुकीचा नाही, पण त्याबद्दल गैरसमज बरेच आहेत.

गैरसमज १: राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केलं की काम झालं.

वस्तुस्थिती: राउटरला स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता असेल तरच. जुन्या आयपीव्ही-४ पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. ते पुरेनात, म्हणून कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. मोबाइल नेटवर तर हे सर्रास असतं. आतून बाहेर जाणारी जोडणी चालते. बाहेरून आलेली विनंती मात्र कंपनीच्या यंत्रापाशीच थांबते, तुमच्या राउटरपर्यंत येतच नाही.

हे तपासणं सोपं आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये 'वॅन आयपी' बघा आणि आपला आयपी दाखवणाऱ्या एखाद्या वेबसाइटवरच्या पत्त्याशी ताडून पाहा. दोन्ही वेगळे असतील तर मध्ये बहुधा कंपनीचं नॅट आहे. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवले आहेत.

गैरसमज २: कुठलाही व्हीपीएन घेतला की पोर्ट मिळतं.

वस्तुस्थिती: बहुतेक सेवा ते देत नाहीत. मुलवाद या नावाजलेल्या सेवेने गैरवापराचं कारण देऊन जुलै २०२३ मध्ये ही सोय बंद केली. प्रोटॉनसारख्या काही सेवा सशुल्क योजनेत आजही पोर्ट देतात, पण तो क्रमांक जोडणीगणिक बदलू शकतो. टॉरेंटला, म्हणजे लोकांनी आपापसांत फाइल वाटण्याच्या पद्धतीला, ते चालतं. कायमचा पत्ता लागणाऱ्या दफ्तराला चालत नाही.

त्यापेक्षा मुंबईतल्या डेटा सेंटरमधला छोटा सर्व्हर भाड्याने घेऊन त्यावर वायरगार्ड हा व्हीपीएन प्रोग्रॅम बसवणं बरं. त्याचा बोगदा, म्हणजे दोन यंत्रांमधली बंदिस्त जोडणी, गावातला कॉम्प्युटर आतून उघडतो, त्यामुळे सीजीनॅट आडवं येत नाही. नॅटने ती जोडणी विसरू नये म्हणून दर २५ सेकंदांनी एक छोटा संदेश पाठवत राहायचं. त्यासाठी सेटिंगमध्ये एक ओळ पुरते.

गैरसमज ३: व्हीपीएनमधून येतंय म्हणजे सुरक्षित आहे.

वस्तुस्थिती: हा सगळ्यात घातक गैरसमज. व्हीपीएनचं कूटबंधन (एन्क्रिप्शन) तुमचा कॉम्प्युटर आणि व्हीपीएन सर्व्हर यांच्यापुरतंच असतं. त्या सर्व्हरपर्यंत येणारा पाहुणा उघड्या इंटरनेटवरूनच येतो. शिवाय बोगदा थेट कॉम्प्युटरमध्ये उघडतो, त्यामुळे राउटरची भिंत ओलांडली जाते. उघडी पोर्ट शोधणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर अखंड फिरत असतात. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस विंडोजच्या फाइल शेअरिंगमधून, म्हणजे पोर्ट ४४५ वरून पसरला. विंडोजची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, पण असंख्य कॉम्प्युटरवर ती बसवलेलीच नव्हती.

म्हणून ४४५ आणि रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ कधीही बाहेर उघडू नका. लागेल तेवढं एकच पोर्ट, त्यावर एचटीटीपीएस, मजबूत पासवर्ड, दुहेरी पडताळणी आणि वेळेवर अपडेट, एवढं तरी हवंच.

गैरसमज ४: व्हीपीएन बेकायदा आहे, किंवा व्हीपीएन असला की काहीही चालतं.

वस्तुस्थिती: दोन्ही चूक. भारतात व्हीपीएन वापरण्यावर सरसकट बंदी नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार व्हीपीएन सेवांनी आणि भाड्याचे सर्व्हर देणाऱ्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, दिलेला आयपी वगैरे नोंदी किमान ५ वर्षं ठेवायच्या आहेत. त्यानंतर एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क आणि नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. टॉरेंटचं तंत्रही बेकायदा नाही. लिनक्सच्या प्रती त्यातूनच वाटल्या जातात. मालकाच्या परवानगीशिवाय सिनेमा वाटणं मात्र १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली गुन्हाच आहे, व्हीपीएन असो वा नसो.

गैरसमज ५: फाइल पोचवायची तर पोर्ट उघडावंच लागतं.

वस्तुस्थिती: बहुतेक वेळा लागत नाही. सिंकथिंग हा प्रोग्रॅम दोन कॉम्प्युटरमधले फोल्डर जुळवून ठेवतं. थेट वाट मिळाली नाही तर मधल्या रिले सर्व्हरवरून, कूटबंधन ठेवूनच फाइल नेतं. टेलस्केलसारखी साधनं ठरावीक लोकांच्याच यंत्रांचं खासगी जाळं बांधतात. टॉरेंटही बंद पोर्टवर चालतं. फक्त दोन्हीकडची पोर्ट बंद असली तर ते दोन कॉम्प्युटर सहसा एकमेकांना जोडले जात नाहीत. अनोळखी लोकांना वेबसाइट दाखवायची असेल तरच उघडं पोर्ट हवं. चार-पाच ओळखीच्या माणसांसाठी खासगी जाळं पुरतं.

गैरसमज ६: स्वतःचा सर्व्हर आहे म्हणजे दफ्तर जपलं गेलं.

वस्तुस्थिती: पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा दिवसांत वीज आणि नेट दोन्ही जाऊ शकतात, मग कुठलाही व्हीपीएन उपयोगाचा नाही. सिंकथिंगचा फायदा इथे कळतो: प्रत्येक ठिकाणी पूर्ण प्रत असते आणि जोडणी परतली की बदल जुळतात. पण एकीकडे खोडलेली फाइल दुसरीकडेही खोडली जाते, म्हणून वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि वेगळ्या गावात ठेवलेली प्रत हवीच.

मजुरीच्या यादीत लोकांचे आधार आणि बँक खात्यांचे क्रमांक असतात. नकाशात औषधी वनस्पतींच्या जागा असतात. तेव्हा पोर्ट उघडण्याआधी ग्रामसभेत विषय मांडा: कोणती फाइल सगळ्यांसाठी, कोणती फक्त ग्रामसभेच्या समितीसाठी, आणि पासवर्ड कोणाकडे. वनातलं काय कोणी न्यायचं हे जी सभा ठरवते, तिनेच वनाची माहिती कोणी पाहायची हेही ठरवावं. सेटिंग त्यानंतर करावं, त्या ठरावाप्रमाणे.